छातीवर देश, पाठीवर खोंड

"हे बघा आमचं खोंड! थेट बेल्ह्याच्या बाजारातून उचललंय!"

निवड समितीचे साहेब असं म्हणले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. गिऱ्हाईक बैल घेताना मारतं ना, तशी. पुण्यातल्या त्या चकचकीत हॉलमधी सगळ्या पोरी हसल्या. मीबी हसले. काय करणार, निवड व्हायची व्हती.

माझे तात्या बेल्ह्याच्या बाजारात जनावरं टेम्पोत चढवायचं काम करतात. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. पिंपरी पेंढारच्या एक बाई आमाला शाळेत खेळ शिकवायच्या, त्यांनी कुठनं तरी जुने स्केट मिळवले. चाकं फिरवायला गुळगुळीत जागा गावात एकच, बाजारातला सिमेंटचा ओटा. बाजार उठला की शेण खरवडायचं, पाणी मारायचं आणि सुटायचं. लई पडले. गुडघे फुटले, हनुवटी फुटली. पण शेणाच्या वासानं कुणी मेलेलं मी पाहिलं न्हाई.

आमचा खेळ रोलर डर्बी. तो म्हणजे काय ते सांगते, न्हाईतर तुमाला वाटंल गाड्यांची शर्यत. दोन संघ चाकांवर गोल रिंगणात पळतात. चौघी जणी कमरेला कंबर लावून भिंत करतात. जिच्या हेल्मेटवर चांदणी, ती जॅमर. तिनं समोरची भिंत फोडून निघायचं, फेरा मारून परत यायचं आणि जेवढ्या जणींना मागं टाकंल तेवढे गुण. चाचणीच्या दिवशी चांदणी माझ्या डोक्यावर व्हती. मी भिंत फोडली. फिरून आले, परत फोडली. साहेबांची पुतणीबी जॅमरच. ती भिंतीला धडकली आणि खाली बसली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

देशाच्या संघाची निवड जाहीर झाली. जॅमर, साहेबांची पुतणी. माझं नाव राखीवमधीसुद्धा नाय.

बाईंनी चाचणीचा व्हिडिओ काढला व्हता. तो फोनवर फिरला, जुन्नर-आंबेगावात गावोगाव गेला, पेपरवाल्यांनी उचलला. साहेबांची पंचाईत झाली आणि त्यांनी मला संघात घेतलं. घेतलं कसलं, उपकार केले. शिबिराच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणले, "तू भिंतीत उभं राहायचं. ढकलायचं. तुम्हा लोकांच्या अंगात ताकद असतेच. डोकं आम्ही लावू."

तुम्हा लोकांच्या. याचा अर्थ आमच्या वस्तीवर पोराला चालायच्या आधी कळतो. चांदणी मला परत कधी दिली न्हाई.

या खेळात जर्सीवर पाठीमागं टोपणनाव घालायची रीत आहे. ज्येनं त्येनं आपापलं निवडायचं. कुणी बिजली झाली, कुणी रणरागिणी. पुतणी झाली तुफान. भिंत बघितली की बसणारं तुफान! मी म्हणले, मला माझं खरं नाव पायजे. ते नाव माझ्या आईनं हट्टानं ठेवलेलं. 'एवढं भारी नाव घेऊन ही काय कलेक्टर व्हणार का?' असं गावातल्या मोठ्या घरची बाई तिला तोंडावर म्हणली व्हती. तरी आईनं बदललं न्हाई.

कोच मॅडम म्हणल्या, "अगं, तुझं तर आधीच ठरलंय."

मलेशियाच्या स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी जर्सी हातात आली. छातीवर देश. पाठीवर इंग्रजी अक्षरांत खोंड. मी गप घडी घातली आणि पिशवीत ठेवली. वाटलं, मैदानावर कोण वाचतंय पाठ.

वाचली. मलेशियात पहिल्याच सामन्यात माईकवरच्या माणसानं एकेकीचं नाव पुकारलं, तसं माझंबी पुकारलं. तोंड वाकडं करून, खॉन्ड. आमच्याच बाकावरून आवाज आला, "हंबाऽऽऽ!" पुतणीनंच चालू केलं. मी कुणाला धडक दिली की बाक हंबरायचं. परदेशी प्रेक्षकांना वाटलं ही आमची घोषणा आहे, शाबासकीची. बिचारे तेबी लागले हंबरायला. लहान पोरं, म्हातारी माणसं, हसऱ्या तोंडानं. अख्खा हॉल हंबरत व्हता आणि मी देशाचा रंग अंगावर घेऊन मधोमध उभी. माझ्या कानशिलात आग पेटली. त्या लोकांचा राग नाय आला. त्यांना काय ठाऊक? ज्यांना ठाऊक व्हतं ते बाकावर बसले व्हते.

मधल्या सुट्टीत घोट्याला बांधायची पांढरी पट्टी घेतली आणि पाठीवरच्या अक्षरांवर आडवी चिकटवली. नंबर तसाच ठेवला. पंचाला नंबर लागतो, नाव न्हाई.

मॅडम धावत आल्या. "हा काय तमाशा? काढ ती पट्टी."

"न्हाई काढणार."

"मग खेळायचं नाही. बस."

"बसते."

बसले. सगळे सामने बसले. जिच्यासाठी शेण खरवडलं, हाडं मोडून घेतली, ती जागा माझ्यासमोर, चार पावलांवर, आणि मी बाकावर. लई जळलं. रडले न्हाई, कारण त्यांना तेच बघायचं व्हतं. आमचा संघ सगळ्यांकडून हरला. पेपरात काय आलं? बेशिस्त खेळाडूमुळं संघाचं मन खचलं. खचलं म्हणे!

परत आल्यावर साहेबांनी मला फोन केला न्हाई. तात्यांना केला. पोरीनं सगळ्या संघासमोर माफी मागावी, पुढच्या चाचणीला बोलावू. तात्या फोनवरबी उभे राहून बोलत व्हते.

"माग की माफी," तात्या म्हणले. "शब्दानं काय अंगाला भोकं पडतात?"

"तात्या, बाजारात तुमाला नावानं कोण हाक मारतं?"

बाजारात त्यांना सगळे 'ए टेम्पो' म्हणतात. आजवर. व्यापाऱ्यांची मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा. तात्या म्हणले, "नको मागू." आणि उठून बाहेर गेले.

मी माफी मागितली न्हाई. मागणारबी न्हाई. पुढच्या चाचणीला मी जाणार, बोलावलं तरी आणि न बोलावलं तरी. चांदणी मागणार. जर्सीवर आईनं ठेवलेलं नाव मागणार, पूर्ण. देणार न्हाईत, ठाऊक आहे मला. मंग परत मागणार, त्याच्या पुढच्या वर्षीबी मागणार. आणि मला बघून बाकावरून परत कुणी हंबरलं, तर खेळ थांबवीन, माईक हातात घेईन आणि खोंड म्हणजे काय, ते मला कुणी म्हणलं आणि का म्हणलं, ते सगळ्या हॉलला समजावून सांगीन. तेवढं इंग्रजी आता येतं मला.