कोरडी पट्टी

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यात माझी आई भाजली. वेल्ह्याजवळच्या आमच्या घरी ती शेगडी पायाशी घेऊन बसली होती. डुलकी लागली, लुगड्याच्या काठाने पेट घेतला आणि डाव्या पोटरीवर वीतभर जखम झाली. वय सत्तरीच्या पुढे. मी पुण्याला एका वर्तमानपत्रात होतो. महिन्याची रजा काढून घरी पोचलो, तोवर भावकीतल्यांनी तिला भोरच्या डॉक्टरांना दाखवून आणले होते. मलमाची डबी आणि एक चिठ्ठी माझ्या हाती आली : 'पट्टी रोज बदलावी. पट्टी कोरडी ठेवावी.'

शब्द नेमका वाचणे हा माझा धंदा. जखमेला पाणी लागू द्यायचे नाही, असा अर्थ मी घेतला. रोज सकाळी जुन्या धोतराची पट्टी सुकी असतानाच एका झटक्यात ओढून काढायची, मलम लावून दुसरी बांधायची. आई बाजेची कड धरून बसे.

"दुखतं का?"

"न्हाई रं. तू उरक तुजं."

तीन आठवडे झाले तरी जखम लाल आणि ओलीच. रजा संपत आली होती. जखम भरली नाही तर तिला तशीच एकटी टाकून जावे लागणार होते. मी कारण शोधले आणि मला ते सापडले : ती झोपेत खाजवत असावी. तसे मी तिला सुनावले, एकदा नव्हे. शेवटी निजताना तिच्या दोन्ही हातांना फडकी बांधू लागलो.

एकदा शेजारीण कालवण घेऊन आली, ती फडकी बघून हसली. "काय म्हातारे, लेकानं मुसक्या बांधल्या व्हय?"

"मग काय," आई म्हणाली. "हात लई वढाळ हायेत माजे."

मीही हसलो.

मग बैलगाडीने तिला पुन्हा भोरला नेले. पट्टी चिकटलेली पाहून डॉक्टरांनी कोमट पाणी मागवले. ते थेंबथेंब सोडत राहिले. पट्टी आपोआप सुटून आली. खाली पातळ, गुलाबी कातडी होती. ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. रोज ती माझ्या हातून पट्टीबरोबर निघून येत होती.

"घरी अशीच भिजवून काढता ना?" त्यांनी मला विचारले.

चिठ्ठी खिशात होती. मी म्हणालो, "ती झोपेत खाजवते."

आईने माझ्याकडे पाहिले.

"व्हय डाक्टर," ती म्हणाली. "म्याच खाजवती. त्यो तरी किती बघंल?"

लहान मुलाला रागवावे तसे डॉक्टर तिला रागावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

घरी आल्यावर मी पट्टी भिजवून काढू लागलो. हातांची फडकी मात्र आणखी चार दिवस बांधली. एकदम सोडली असती तर कबुली झाली असती. तिने रोज हात पुढे केले.

रजा वाढवून घेतली. महिनाभरात जखम भरली.

पुढे कुणी पोटरीवरचा डाग पाहून विचारले, की ती सांगे, "लई दिस लागले बरं व्हायला. म्या खाजवायची ना." मी तिथे असलो तर ऐकून घेत असे. चुकीची बातमी गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, अशी आमच्या कचेरीत पद्धत होती. ही दुरुस्ती तिच्या हयातीत माझ्याकडून झाली नाही.