इंजिनाचं घर

तापलेल्या पत्र्याचा वास आला की लातूरचं आमचं अंगण आठवतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ पडला होता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी ज्वारीच्या पोत्याएवढं, खरंखुरं वाफेवर चालणारं इंजिन घडवलं होतं. अंगणात रूळही टाकले होते. मातीच्या भिंतीला पाणी कुठून आणणार? म्हणून नव्या कचेऱ्यांच्या बांधकामातले उरलेले पत्रे आणून त्यांनी इंजिनाला घर ठोकलं, छपराला धुरासाठी भोक ठेवलं. "प्यायला पाणी न्हाई अन् हे इंजिनाला घर बांधायलेत!" आई करवादली. इंजिन आत ढकललं, तर धुराडं दाराशी आणि भोक पार मागे! "इंजिनच उचलून फिरवू," मी म्हणाले. वडील भडकले, "इंजिन कुणी उचलत नसतंय, ते रुळावरूनच जातंय. छप्पर फिरवा!" खिळे उपसून वडील, ताई आणि मी एकेका कोपऱ्याला भिडलो, पण चौथा कोपरा काही हलेना. आईनं डोक्यावरची घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि तो कोपरा धरला. "हं, उचला आता." पुढे मी नांदेडला घर बांधलं, तेव्हा आधी अंगणात रूळ टाकले, मगच इंजिन आणलं.