मर लागलेल्या रानातली माझी ओळ

आमच्या लातूरच्या हरभरा विभागात बियाण्यापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. बियाणं निदान दरवर्षी चाळून घेतो, किस्से कोण चाळणार? नवीन वाण तयार करायचं आमचं काम, आणि एकेका वाणात उमेदीची कितीतरी वर्षं जातात. तेवढी वर्षं माणसं गप्प बसतात होय!

*

मी पीएचडीला ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा आमच्या गावी, मुखेडच्या बाजारात बातमी फुटली, पोरगी परदेशात हरभरा शिकायला चालली!

आमचे शेजारी बापूंना, म्हणजे माझ्या वडलांना, भर बाजारात म्हणाले, "काय हो, आपल्याकडं हरभरा येत न्हाई का? त्याच्यासाठी इमानात बसायचं?"

बापूंना माझ्या अभ्यासातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गप्प बसतील तर ते बापू कसले! "हितं पेरायला शिकवत्यात," ते म्हणाले, "तिथं निवडायला शिकवत्यात!"

खरं सांगते, चार वर्षं शिकून आले, पण याहून नेमकं मला अजूनही सांगता येत नाही.

*

तिकडे पहिल्याच आठवड्यात आमचे प्रोफेसर हाफपँटवर शेतात आले. "चांगली झाडं ठेव, बाकीची उपट," म्हणाले आणि निघून गेले. मी दिवसभरात उपटली किती? तीन! एका मरतुकड्या झाडाला तर मी 'मुखेड' असं नाव देऊन रोज पाणी घालायला लागले. ते त्यांना कळलं. त्यांनी ते झाड माझ्याच हातानं उपटायला लावलं. मी ढसाढसा रडले!

"नाव दिलं की उपटवत नाही," ते म्हणाले. "म्हणून शेतात फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती यादी खणात, कुलूप लावून. सगळ्यांना मार्क देऊन झाले की मगच उघडायची."

माझं पुढचं सगळं काम त्या कुलपावर उभं आहे. त्या दिवशी मात्र त्यांचा नुसता राग आला होता.

*

लातूरला रुजू झाले आणि आधी पाट्यांवरची नावं पुसून नंबर टाकले. मारुतीमामा म्हणजे आमचे शेतावरचे सगळ्यात जुने मदतनीस. ते म्हणाले, "म्याडम, बारशाला पाव्हणे बोलवायचे आन् नावच न्हाई ठेवायचं का?"

विभागप्रमुख साहेब तर भडकलेच. "माझी ओळ कुठली, तेवढं सांगा."

"सर, मार्क दिल्यावर."

साहेब तणतणत मार्क देत फिरले. एकविसाव्या ओळीपाशी थांबून ओरडले, "हा कचरा कुणी लावलाय? शून्य!"

संध्याकाळी खण उघडला. एकवीस नंबर साहेबांचाच!

साहेब दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हातात नवंकोरं कुलूप घेऊन. "तुमचं जुनं झालंय," म्हणाले, "हे लावा."

*

आमचं एक रान आहे, तिथं आम्ही मर, म्हणजे उभं झाड वाळवणारा मातीतला रोग, मुद्दाम जोपासतो. रोगी झाडं त्याच मातीत गाडायची आणि औषधाचा थेंबही पडू द्यायचा नाही. एवढ्यातून जे झाड जगेल ते खरं. माझ्या वाणाची यंदा तिथं परीक्षा होती. जगला तर पुढच्या चाचणीला, मेला तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात!

माझी ओळ कुठली ते यादी उघडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं; ठाऊक होती फक्त एका नाजूक, जुन्या वाणाची ओळ. ती मेली तरच मातीत रोग आहे असं धरायचं, नाही तर परीक्षाच रद्द. म्हणून मी रोज तिच्यापाशीच बसायचे, कधी एकदा मरते म्हणून!

त्याच दिवसांत बापू भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन मुखेडहून चार दिवस राहायला आले. मी हौसेनं त्यांना ते रान दाखवलं. जागोजागी झाडांनी माना टाकलेल्या! बापूंचा चेहराच उतरला.

"माय, परदेशात हेच शिकून आलीस का? आपल्या रानात एक झाड वाळलं तर मला जेवण जात न्हाई. तू तर मर आणून हसून राहिलीस!"

मी खूप समजावलं. बापू नुसती मान हलवत राहिले.

*

घाट्यांत दाणे भरले तेव्हा वाण तपासणारी समिती आली. रानात जिकडे तिकडे काड्या, आणि मधे एक ओळ हिरवीगार, घाट्यांनी लगडलेली! समितीनं मार्क दिले, साहेबांनी खण उघडून यादी वाचली आणि ओरडलेच, "मॅडम, तुमचीच!"

मामांनी टोपी हवेत उडवली. माझं नाचायचंच बाकी होतं! ती नाजूक ओळ तर कधीच मातीला मिळाली होती.

तेवढ्यात मामा जवळ येऊन पुटपुटले, "म्याडम, एक सांगू का? बापू आले होते तवा त्यांच्या पिशवीत औषधाची बाटली दिसली होती मला."

सहा वर्षं! बांधावर बसून फोन लावला.

"बापू, खरं सांगा. माझ्या ओळीला औषध घातलंत?"



"घातलं माय. तू जेवायला गेलीस तवा. लई जीव तुटला बघ. पण पाटीवर नुसते आकडे, नाव कुठंच न्हाई. मामाला इचारलं, त्यालाबी ठावं न्हाई. मग म्हणलं, तू रोज जिच्यापाशी बसून राहतीस तीच तुझी." बापूंचा आवाज अगदी खाली गेला. "सगळी बाटली वतली. तरीबी वाचली न्हाई गं. मी निघायच्या आधीच माना टाकल्या तिनं. तुला सांगायचं धाडसच झालं न्हाई मला."