रेघेबाहेरचा ठिपका

देवाशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. थोडं इकडचं तिकडं केलंय, पण तेवढं कोणताही मास्तर करतो. सांगलीतल्या एका ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतो. लॅबच्या कपाटात जुनी जर्नल्स साठतात, तसेच किस्सेही साठतात. जर्नल्स निदान रद्दीत तरी जातात.

*

आमच्या लॅबची एक रीत आहे. लोलकाच्या ग्राफला पोरं आधी पट्टी लावून सरळ रेघ मारतात, मग तिच्यावर ठिपके बसवतात आणि ठिपके बघून रीडिंग लिहितात. लोलक तोवर स्टँडला नुसता लोंबत असतो.

एकाला विचारलं, "अरे, लोलक एकदा हलवला तरी का?"

"सर, हलवला की उत्तर बिघडतं."

*

मगदूम सर आमच्या लॅबचे थोरले. एकदा अख्ख्या वर्गाच्या जर्नलमध्ये त्याच ओळीत तीच खाडाखोड सापडली. वाटलं, आता सर पेटणार. सरांनी शांतपणे सह्या केल्या आणि म्हणाले, "एकी हाय पोरांत."

*

कोमल आमच्या बारावीतली, डोंगरातल्या मेढा गावची. शिकायला कुपवाडला मामाकडे राहायची. मामाचं लेथवर जॉब, म्हणजे मशीनचे सुटे भाग, कातायचं छोटं वर्कशॉप.

एकदा फळ्यावर वेळ आणि अंतराचा ग्राफ काढला. रेघ मध्येच एकदम उभी चढलेली. विचारलं, "इथं गाडीचं काय झालं?"

वर्ग म्हणाला, "घाटाला लागली."

"अरे, रेघ चढली म्हणजे गाडी चढली असं नसतं. वेग वाढलाय. घाटात कधी वेग वाढतो का?"

मागून कोमल म्हणाली, "आमच्या मेढ्याच्या वडाप जीपवाल्याचा वाढतो, सर."

*

प्रिलिमला कोमलच्या ग्राफवर पाच ठिपके रेघेवर, सहावा बाहेर.

मगदूम सर म्हणाले, "एवढा खाली घे की गं."

"न्हाई सर, आलं तसं लिवलंय. मामा म्हणत्यात, मापाला जॉब बसवायचा, जॉबला माप न्हाई."

सरांनी तीन मार्क कापले. गंमत अशी की, त्याच मामानं बजावलं होतं, प्रॅक्टिकलला एक मार्क जरी गेला तर इंजिनिअरिंगचं नाव काढायचं नाही.

मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "बोर्डाला तरी ठिपका ढकल बाई."

"बघू, सर."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

*

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला कोमलला नेमका लोलकच आला. पाच ठिपके रेघेवर, एक लय लांब. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, म्हणजे आमच्या एक्स्टर्नलनी, त्यावर लाल पेन टेकवलं.

"हे काय?"

"ह्या रीडिंगला टेबल हललं, सर."

"कशानं?"

"तुमी टेकून चहा घेत हुता."

मगदूम सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला.

एक्स्टर्नल म्हणाले, "मग रीडिंग परत का नाही घेतलं?"

"घेणारच हुते. पर तुमी सरकलाच न्हाईसा."

त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा ठिपक्याकडे. पेनाचं टोपण लावलं, परत काढलं आणि पैकीच्या पैकी मार्क टाकले.

यात खोटं एवढंच, की एक्स्टर्नलना मी उगाच गोवलं. टेबलाला टेकून चहा घेत होतो तो मी.