गेटपर्यंतचं हेल्मेट

माझ्या टेबलावर फायली कमी आणि किस्से जास्त. शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडं कोण गाडीवरनं पडलं की दुसऱ्या दिवशी पट्ट्या लावून येतो आणि चहाच्या सुट्टीत हसत हसत सांगतो. बाकीचे पोट धरून हसतात. मला हसू येत नाही, माझं डोकं तापतं. पण हे किस्से आता एवढे साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

आधी एवढं ध्यानात घ्या, की ही माणसं बेफिकीर नाहीत. आत वितळलेलं लोखंड ओततात. तोंडावर काच, हातात चामडी हातमोजे, पायात पोलादी टोकाचे बूट. एखाद्यानं काच वर केली तर शेजारचा शिवी घालून ती खाली करायला लावतो. आणि सुट्टीचा भोंगा झाला की सगळं लॉकरमध्ये. पायात स्लीपर, उघडं डोकं आणि गाडी साठच्या स्पीडला.

भट्टीवरचे बापू आमच्यात सगळ्यात जुने. तीस वर्षं लोखंड ओतलंय, हातावर एक डाग नाही. त्यांना मी एकदा विचारलं, "बापू, आत एवढं जपता, मग बाहेर का नाही?"

"मॅडम, धोका आत हाय," बापू म्हणाले. "बाहेर काय, रस्ता हाय की."

* * *

मालकांच्या मागं लागून मी नियम करून घेतला. हेल्मेट नसेल तर गाडी गेटमधनं आत नाही. पहिल्याच आठवड्यात झाडून सगळे हेल्मेट घालून यायला लागले. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, बघ, जमलं का नाही.

मग एके सकाळी पोपटाचं स्टिकर लावलेलं हेल्मेट आत आलं. पाच मिनिटांनी तोच पोपट दुसऱ्याच्या डोक्यावर बसून आत आला. तिसऱ्यांदा पोपट आला तेव्हा मी गेटबाहेर चालत गेले.

कोपऱ्यावर दस्तगीरमामांची पानटपरी आहे. सुपारीच्या बरण्यांवर ओळीनं हेल्मेटं टांगलेली. आमची माणसं घरापासनं उघड्या डोक्यानं यायची, टपरीवर हेल्मेट चढवायची, दोनशे पावलं घालायची, आणि आत आलं की कंपाउंडवरनं परत बाहेर फेकायची. पुढच्याची सोय नको का?

मी मामांवर खेकसले. मामा शांतपणे चुना लावत म्हणाले, "मला का वरडताय मॅडम? मी तर रोज फडक्यानं पुसून ठेवतोय."

* * *

पेठ वडगावच्या सागरचं मात्र स्वतःचं हेल्मेट होतं. लाल, चांगल्यातलं. लग्न नुकतंच झालेलं. बायकोला घेऊन कुरुंदवाडला सासरवाडीला निघाला, आणि हेल्मेट कुठं? बायकोच्या मांडीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. घाम लागून आतला गादीचा कपडा खराब होतो म्हणे.

वाटेत कुत्रं आडवं आलं. दोघं पडले. बायकोचं कोपर खरचटलं, ह्याच्या कपाळाला पाच टाके. सोमवारी तो पट्टी बांधून माझ्यासमोर उभा.

"हेल्मेट होतं ना रे तुझ्याकडं?"

"व्हय की. एक ओरखडा न्हाय मॅडम. पडताना बी तिनं सोडलं न्हाय."

मी खुर्चीवरनं उठून बाहेर गेले. नाहीतर सहाव्या टाक्याची सोय मीच केली असती.

* * *

आता माझं स्वतःचं सांगते. मी स्कूटरवर बसते तेव्हा अंगात जॅकेट असतं, कोपराला आणि खांद्याला गादी असलेलं. हातमोजे, बूट, बक्कल लावलेलं हेल्मेट. आमच्या गल्लीत ह्यावरनं माझी रोज चेष्टा होते. कुणी विचारतं सीमेवर निघालात काय, कुणी नुसताच सलाम ठोकतं.

उसाचा सीझन होता. मी बिद्रीला नणंदेकडं चाललेले. ट्रॉलीतनं पडलेला ऊस रस्त्यावर, त्यावरनं पुढचं चाक सटकलं. मी आडवी, आणि दहाएक फूट घसरत गेले. कडेच्या हॉटेलातली माणसं धावत आली. एकानं दंड धरून उठवलं. "पावणं, लागलं काय?" मी हेल्मेट काढलं तसा त्यानं माझा दंड पटकन सोडला. "आयला, बाई हाय की."

एका आजोबांनी माझी पूर्ण तपासणी केली. जॅकेटचं कोपर फाटून आतली गादी बाहेर. हातमोज्याचा तळवा खरवडलेला. हेल्मेटची एक बाजू घासून पांढरी पडलेली. आणि त्याच्या आतल्या बाईला काही नाही, गुडघ्यावर एक निळा डाग सोडला तर. मला वाटलं, चला, आता तरी हे चार माणसांत काहीतरी शहाणपणाचं बोलतील.

आजोबा म्हणाले, "एवढं घालून बी पडलीसच की गं."

दुसऱ्या दिवशी ते जॅकेट मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर धरलं. "बघा. हे फाटलंय ते माझं कोपर असतं." सगळे वाकून बघायला लागले. मला बरं वाटलं. मग मागनं सागरचा आवाज आला, "जॅकेट वाया गेलं की मॅडम."

* * *

पुढचा किस्सा मी कुणाला सांगत नाही, कारण ह्यात राग दुसऱ्यावर काढता येत नाही.

थंडीचे दिवस होते. बापू पंधरा किलोमीटरवरनं येतात. एका संध्याकाळी ते कंपनीचे चामडी हातमोजे तसेच घालून गाडीवर बसले. गेटवरच्या शिंद्यांनी त्यांना अडवलं आणि माझ्यासमोर आणून उभं केलं. कंपनीचा माल बाहेर चाललाय म्हणून.

"गारठ्यानं बोटं आखडत्यात मॅडम," बापू म्हणाले. "सकाळी आणतोच की परत."

टपरीच्या प्रकरणानं माझं डोकं आधीच फिरलेलं. एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील, असं मला वाटलं. मी तिथल्या तिथं नोटीस काढली आणि वर पत्र्याचा बोर्ड रंगवून गेटवर लावला: 'कंपनीची सुरक्षा साधने गेटबाहेर नेण्यास सक्त मनाई आहे.' खाली माझा हुद्दा.

बापूंनी हातमोजे काढून माझ्या टेबलावर एकावर एक ठेवले आणि गेले. सगळ्या फौंड्रीत एकच माणूस रस्त्यावर काहीतरी घालून निघालेला, आणि ते मी, सेफ्टी ऑफिसरनं, उतरवून घेतलं. आजही बोर्ड दिसला की माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

* * *

पुढं महिन्याभरात बापू पडले. टपरीच्या वळणावर, सायकलच्या स्पीडनं. तिथं सगळ्या फौंड्र्या वापरलेली काळी वाळू कडेला ओततात, त्यात वितळलेल्या लोखंडावर साचणाऱ्या मळीच्या, काचेसारख्या धारदार कपच्या असतात. चाक वाळूवरनं सरकलं, बापूंनी दोन्ही हात पुढं टेकले. एवढंच. स्वतःच उठले, स्वतःच गाडी उचलली. दस्तगीरमामांनी तळव्यावर पाणी ओतलं तेव्हा उजव्या हातातली कपची दिसली.

दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण ती दोन बोटं आता मिटणार नाहीत. लोखंड ओतायचं लांब दांड्याचं डबू पेलायचं तर मूठ आवळावी लागते. मी बघायला गेले तर बापूंनी हाताचं काही विचारलंच नाही.

"भट्टीवर घेशीला न्हवं मला?"

त्यांचे हातमोजे लॉकरमध्ये होते. मीच जाऊन बघून आले होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एकानं हसत सुरुवात केली, "बापू सायकलच्या स्पीडनं पडलं राव." मी हातातला कप भिंतीवर फेकला.

दस्तगीरमामांनी त्याच दिवशी सगळी हेल्मेटं पोत्यात भरून गेटवर आणून दिली. "ज्याचं त्यानं न्यावं. घरापास्नं घालून यावं. मी आता पुसणार न्हाय." मला वाटलं, चला, एक माणूस तरी शहाणा झाला.

आठवड्याभरानं मी वळणावर थांबले. टपरी रिकामी होती. समोरच्या सलूनमध्ये, आरशाच्या वरच्या खिळ्यांना, पोपटासकट सगळी हेल्मेटं टांगलेली.

* * *

तीन महिन्यांनी बापू कामावर आले. भट्टीवर नाही. शिंद्यांच्या शेजारी एक खुर्ची टाकून दिली, येणाऱ्यांची हेल्मेटं बघायला. त्यांच्या घरात गाडी आता त्यांची बायको, आमच्या वहिनी, चालवतात. त्या तीन महिन्यांत शिकल्या. त्यांनीच बापूंना मागं बसवून आणलं. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, दोघांची बक्कलं लावलेली. पहिल्या पाळीची गर्दी होती, सगळे बघत होते.

बापू उतरले आणि खुर्चीवर न बसता सरळ आत गेले. मला वाटलं भट्टी बघायला गेले. परत आले ते डाव्या काखेत हातमोजे धरून, आणि तसेच गेटच्या बाहेर चालत गेले, माझ्या बोर्डाखालनं.

शिंदे रजिस्टर घेऊन उठले. माझ्याकडं बघितलं. "मॅडम, लिहू काय?"

"बसा खाली शिंदे."

बापूंनी डाव्या हातानं आणि उजव्याच्या अंगठ्यानं ओढून ओढून एक हातमोजा वहिनींच्या हातात चढवला. मग दुसरा. वहिनी लाजल्या. एवढी माणसं बघत होती.

"हे कशाला आता? घरलाच तर जायाचंय."

"घाल," बापू म्हणाले. "बाहेर रस्ता हाय."