बारीक चिरलेला कोंबडा

तालुक्याच्या सावली गावाजवळच्या त्या खेड्यात वच्छलाला सगळे आडमुठी म्हणत. होतीच ती आडमुठी. नवऱ्यानं, लटारूनं, डोळे वटारले की ती चुलीत आणखी एक लाकूड सारायची आणि आपलं काम चालू ठेवायची.

शहाऐंशी सालची गोष्ट. आषाढ सरायच्या आत धानाची रोवणी उरकली. धाकटी जाऊ गुलाब तान्हं लेकरू बांधावर निजवून दिवसभर चिखलात वाकली होती. शेवटच्या दिवशी तिला भोवळ आली. दूध आटत चाललंय, हिला मांस आणि ताजा भाजीपाला द्या, असं नर्सबाई आधीच बजावून गेली होती. सांगणारीचं काय जातं? या घरात कोंबडा शिजला की तंगड्या सासरे बापूराव आणि लटारूच्या ताटात, काळीज गुलाबच्या नवऱ्याच्या, श्रीहरीच्या. सासू अंजनाबाई पळीनं रश्शाचा तळ ढवळून मांसाची एकूण एक बोटी पुरुषांसाठी काढायची. बायांना उरायचं लाल पाणी आणि मानेचं हाड. ती स्वतःही तेच खायची, वर समाधानाची ढेकर द्यायची.

रोवणी सरली म्हणून कोंबडा कापला. परवा श्रावण लागणार, मग महिनाभर घरात मांस नाही. गुलाबच्या पोटात काही जायचं तर आजच, आणि रस्सा केला तर जाणार नाही, हे वच्छलाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं रस्साच केला नाही.

घरामागच्या वाडीतून बरबटीच्या कोवळ्या शेंगा, दोडके आणि मूठभर हिरव्या मिरच्या तोडून आणल्या. विळीवर बसून मांस हाडावरून सोडवलं आणि शेंगांच्या तुकड्यांएवढंच बारीक चिरलं. लोखंडी कढईत जवसाचं तेल कडकडीत तापवलं, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा, मग हळद-मीठ लावलेलं मांस. ते खरपूस झाल्यावर भाजी टाकली. पाण्याचा थेंब नाही, झाकण नाही. मोठ्या जाळावर उलथणं फिरत राहिलं. वरून चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरला. शेजारणींचे रस्से रटरटत होते तोवर हिचं झालंसुद्धा.

अंजनाबाईनं पळीसाठी हात पुढं केला. वच्छलानं पळी दिली नाही. सहा ताटांत सारखं वाढलं, तीन पुरुषांपुढं ठेवली, तीन झाकून चुलीजवळ.

लटारू ताटात बोट फिरवू लागला.

"बोट्या कुठी हायेत?"

"तुमच्याच ताटात. शोधा."

त्यानं खरंच शोधल्या. शेंगांमधून मांसाचे कण वेचून ताटाच्या कडेला ढीग लावला. बापूरावांनी आणखी मागितलं. सरलं म्हणाली ती. मग झाकलेलं काय आहे, असं त्यांनी विचारलं.

"ते आमचं हाये, मामाजी. त्याले हात नाई लावाचा."

एवढं बोलून तिनं गुलाबला हाताला धरून बसवलं. पुरुष जेवत असताना बाई जेवायला बसली, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. गुलाबनं श्रीहरीकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली. तिनं घास घेतला. वच्छलाला भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला होता.

लटारू भडकला. पुढच्या खेपेला मोठ्या बोट्या आणि रस्सा, नाहीतर चुलीला हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं.

"मोठ्या बोट्या पायजे असन त पुढची रोवणी तुमी करा," वच्छला म्हणाली. "मी बांधावर उभी राहीन."

लटारूनं आईकडं पाहिलं. तूच सांग हिला, म्हणाला. अंजनाबाईनं कधीच आपलं ताट उघडलं होतं. तोंडात घास होता. तो तिनं सावकाश चावला, गिळला, आणि लेकाच्या ताटाकडं पाहिलं.

"वच्छला," ती म्हणाली, "पुढच्या खेपेले याहून बारीक चिर. याले अजून वेचता येऊन राह्यलं."