ऋणनिर्देशातलं माझं नाव

खोटं मी बोललो होतो, आणि ते वहिनींच्या प्रकल्पात माझ्या नावासकट छापलं गेलं. दीड महिन्यापूर्वी वहिनी गेल्या. त्यांच्याबद्दल अभिमानानं लिहायला बसलोय, पण सुरुवात इथूनच करायला हवी.

माझा थोरला भाऊ फौजेत. पलूसचं घर, शेती, दोन मुली, सगळं वहिनींनी एकटीनं सांभाळलं. मुली कॉलेजात गेल्यावर, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी विद्यापीठात मनुष्यबळ विकासाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. तास शनिवार-रविवारी असत. पहाटे उसाला पाणी सोडून त्या पहिली एसटी गाठायच्या. दादा सुट्टीवर आला की त्याला उठल्यापासून कामं वाटून द्यायच्या. तो चिडवायचा, "आमच्या सुभेदारानं बी एवढी हजेरी घेतली न्हाई!"

"म्हणून तर तुमी सुधारला न्हाईसा," वहिनी म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प होता. मी साताऱ्यातल्या एका कारखान्यात एचआर मॅनेजर. त्या म्हणाल्या, "भावजी, चार दिस तुमच्या कारखान्यात बसू द्या. कामगारांशी बोलायचं हाय." मी हो म्हणालो, पण साहेबांना विचारलंच नाही. वहिनींची ती बोली, काखेतली कापडी पिशवी, केबिनबाहेर होणारी कुजबुज... मला लाज वाटली. माणसं घडवण्याचा पगार घेणारा मी! पंधरा दिवसांनी फोन करून सांगितलं, "साहेब नाही म्हणाले."

"असू द्या. तुमी विचारलं, तेच लय झालं."

मग त्या कवठे महांकाळकडे एका बेदाण्याच्या शेडवर गेल्या. हातात प्रश्नावली बघून एकही बाई बोलेना. वहिनींनी कागद पिशवीत घातले आणि बायकांच्या रांगेत बसून बेदाण्यातल्या काड्या निवडायला लागल्या. तिसऱ्या दिवशी बायका आपणहून बोलू लागल्या. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "तिथं नव्या बायकांना प्रशिक्षण कोण देतं?"

"मालक म्हणत्यात, कुणीच न्हाई. पण तिथल्या जुन्या कामगार सखूमावशी देत्यात. त्यांचं नाव कुठं लिवलेलं न्हाई, म्हणून मी लिवलं."

वहिनी पहिल्या वर्गात आल्या. अहवाल वाचून शेडच्या मालकानं नव्या बायकांना शिकवायचं काम रीतसर सखूमावशींकडे दिलं. निकालाच्या पेढ्यांपेक्षा ही बातमी सांगताना वहिनींचा चेहरा जास्त खुलला होता. अहवालाची एक प्रत त्यांनी मला दिली. काळ्या कापडाची बांधणी, सोनेरी अक्षरं. ऋणनिर्देशात पहिलंच नाव माझं... 'कारखान्यात परवानगी मिळावी म्हणून खटपट करणारे माझे दीर.' पाच वर्षं ती प्रत मी कपाटात पालथी ठेवली.

सांगलीच्या दवाखान्यात वहिनींची तब्येत ढासळत गेली, तेव्हा ती प्रत घेऊन गेलो. म्हणालो, "वहिनी, मी साहेबांना विचारलंच नव्हतं. मला तुमची लाज वाटली होती. हे पान फाडतो."

त्यांनी प्रत मिटून बाजूला ठेवली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "फाडायचं न्हाई. आता विचारा. म्हंजे पान खरं हुईल."

त्यांच्या हयातीत मला ते जमलं नाही. तेराव्यानंतर कामावर गेलो, ती प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि वहिनींच्या विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना आमच्याकडे प्रकल्प करू द्याल का, असं विचारलं. साहेबांनी लगेच होकार दिला. मग अहवाल चाळता चाळता म्हणाले, "काम चांगलं आहे हो. कोण आहेत या बाई?"

दार उघडं होतं. बाहेर सगळा स्टाफ बसलेला. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "माझ्या वहिनी."